फोन कानाला लावू नका

मोबाईल दुरुस्त झाला की आमच्या धंद्यात पहिलं काम म्हणजे दुकानातल्या फोनवरून त्याला रिंग द्यायची, उचलायचा आणि ‘हॅलो, हॅलो’ म्हणायचं. आवाज गेला, आवाज आला, की फोन गिऱ्हाइकाच्या हातात. नाशिकला शालिमारच्या मागच्या गल्लीत आमचं छोटं दुकान आहे. आधी एसटीडी बूथ होता. मोबाईल आले, बूथ बसला, आणि मग रिपेअरिंग सुरू केलं. मिस्टरांना बारीक काम जमेना, चष्मा लावूनही नीट दिसायचं नाही, हात थरथरायचा, म्हणून कोर्स मी केला आणि सोल्डरिंग मी हातात घेतलं. नवं गिऱ्हाईक अजूनही दारातून डोकावतं आणि मला विचारतं, भाऊ नाहीत का? भाऊ असतात. ते मागे बसून चहा पीत असतात.

तर एकदा एक तरुण मुलगा डिस्प्ले फुटलेला फोन घेऊन आला. काही बोलला नाही, आणि फुटलेल्या डिस्प्लेबद्दल बोलण्यासारखं काही नसतंही. मी नवा बसवला, रिंग दिली, हॅलो हॅलो केलं. स्पीकर जरा बसल्यासारखा वाटला म्हणून पुन्हा उघडून तोही साफ केला, आणि आपण किती चोख काम करतो हे दाखवायला फोन त्याच्या कानाजवळ धरला. त्याने धरू दिला. मग हसू दाबत स्वतःच्या कानावर बोट ठेवलं आणि हात हलवला. मला ऐकू येत नाही, मावशी.

मग त्याने त्याची तपासणी सुरू केली. सगळ्यात आधी पुढचा कॅमेरा. चेहरा स्वच्छ दिसतो का, हात हलवला तर चित्र फाटतं का, खिडकीकडे पाठ केली तर तोंड काळं पडतं का. मग फोन गालाला टेकवून थरथराट पाहिला, आणि नाही म्हणून मान हलवली. फोनच्या आत शेंगदाण्याएवढी एक मोटर असते, ती फिरली की फोन थरथरतो. तिच्याकडे मी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. ऐकणारं गिऱ्हाईक ती मोटर बंद पडली तरी वर्षभर येत नाही. त्या मुलासाठी मात्र तीच घंटी होती. मला तिसऱ्यांदा फोन उघडावा लागला.

त्या मुलाचं काम मनासारखं झालं आणि पाठोपाठ त्याचे मित्र यायला लागले. ही मंडळी एकमेकांना इतकी धरून असतात की एकाला चांगला डॉक्टर, चांगला शिंपी किंवा बरी मोबाईलवाली सापडली, की सगळ्या जिल्ह्याला कळतं. मनमाडहून, पिंपळगावहून, एकदा तर हरसूलच्या डोंगरातून एक जण आला, कव्हर बदलायला. कव्हर काय हरसूलच्या बाजारात मिळत नाही का? पण त्याला दोन शब्द बोलायचे होते, म्हणजे हातांनी, आणि माझ्या दुकानात बोलायला कुणी ना कुणी भेटतं हे त्याला माहीत होतं. मिस्टर म्हणायचे, दुकान इतकं भरलेलं असतं आणि इतकं शांत, देवळात बसल्यासारखं वाटतं.

नाव म्हणाल तर त्यांना मुका म्हटलेलं मुळीच आवडत नाही. आवाज नसला तरी भाषा आहे, मग मुके कसे? एकमेकांना हाक मारायलाही त्यांची खुणेची नावं असतात. माझं नाव म्हणजे एका डोळ्यासमोर बोटांचं वाटोळं धरायचं, कारण मी भिंग लावून काम करते. गावात मला कुणी काही म्हणो, त्या मंडळींत मी भिंगवाली. त्यांची भाषा मात्र मला नीट आली नाही. दुकानापुरत्या खुणा येतात. चार्जिंग, फुटलं, उद्या या, आज होणार नाही, किती. आमच्याकडे येणाऱ्यांशी तेवढ्यावर भागायचं, आणि भागतंय म्हणून मी पुढे शिकले नाही, याची चुटपुट आता वाटते.

धंद्यातली एक गंमत सांगते. ज्या जुन्या फोनचा आवाजाचा भाग जळलेला असतो, तो आमच्यासाठी भंगार. दुरुस्ती महाग, विकत कोणी घेत नाही. मी असे फोन बाजूला काढून ठेवायला लागले. बाकी सगळं ठणठणीत, फक्त आवाज नाही. माझ्या या गिऱ्हाइकांना तो फोन अर्ध्या किमतीत मिळायचा आणि त्यांचं काहीच अडायचं नाही. इतर दुकानदार मला वेड्यात काढायचे. काढू देत.

एसटीडी बूथच्या दिवसांत हे सगळं नव्हतं. तेव्हा बाबूराव नावाचे एक शिंपी यायचे, जन्मापासून ऐकू न येणारे. त्यांना बहिणीकडे मनमाडला निरोप द्यायचा असला की चिठ्ठीवर लिहून आणायचे. मी नंबर फिरवायची, वाचून दाखवायची, तिकडचं उत्तर लिहून त्यांच्यासमोर धरायची. त्यांच्या मुलीच्या लग्नाची बोलणीसुद्धा माझ्या तोंडून झाली. बाबूराव तिखट माणूस. ते लिहायचे, जमणार नाही. मी म्हणायची, बघतो म्हणतात. तिकडून काही टोचून आलं तर तेही मी जरा गोड करून लिहायची. बाबूरावांना बहुतेक कळत असावं, कारण ते माझं तोंड बारकाईने पाहायचे आणि ‘जमणार नाही’ एवढं लहान वाक्य म्हणायला मला इतका वेळ का लागतो, असं एकदा त्यांनी लिहूनच विचारलं. लग्न मात्र झालं, आणि मला साडी मिळाली.

पुढे मेसेज आले, मग व्हिडिओ कॉल आले. बाबूरावांनी मनमाडच्या एका मित्राला पहिला व्हिडिओ कॉल माझ्याच दुकानातून लावला, आपल्या बहिणीकडून त्याचा नंबर काढून. फोन मी डब्याला टेकवून दिला. दोघे म्हातारे असे सुटले की काउंटरवरचे माझे स्क्रू उडाले. हात चालले होते, भुवया चालल्या होत्या, मध्येच बाबूराव हसता हसता खोकायला लागले. मी नुसती बसून होते. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, आणि कुणाला माझी गरजही नव्हती. बरं वाटलं, अगदी मनापासून. आणि थोडं वाईटही वाटलं. इतकी वर्षं लोकांच्या घरातलं ऐकायची सवय लागली होती, ती अशी एका दुपारी सुटली.

फोन म्हणजे फक्त व्हिडिओ कॉल नाही. समोरचा बोलला की पडद्यावर अक्षरं उमटतात, अशीही सोय आता असते. बँकेत, दवाखान्यात ती कामाला येते. साहेब शहरी मराठीत सावकाश बोलले तर बरोबर उमटतं, आणि निफाडकडचे शेतकरी बोलले तर फोनची बोबडी वळते. कहर म्हणजे काही नातेवाईक अजूनही या माणसांना व्हॉइस मेसेज पाठवतात. स्वतःच्या बहिऱ्या भावाला. मग ते मेसेज साठवून माझ्याकडे आणले जातात आणि मी ऐकून टाइप करून देते. बहुतेक वेळा त्यात ‘जेवलास का’ एवढंच असतं.

आता योगेशचं सांगते, खरं म्हणजे त्यासाठीच लिहायला बसले.

योगेश माझं जुनं गिऱ्हाईक. अंबडच्या एका कारखान्यात पत्रा दाबायच्या प्रेसवर काम करतो. तिथे इतका आवाज असतो की ऐकणारे कामगारही खुणेनेच बोलतात, त्यामुळे तो म्हणतो, कारखान्यात सगळे माझ्यासारखेच. मूळ घर पिंपळगाव बसवंतच्या जवळ, द्राक्षाची बाग आहे, ती मोठा भाऊ बघतो. बायको वैशाली मनमाडची. तिलाही ऐकू येत नाही. दोघांचं शाळेच्या वसतिगृहापासून जमलेलं होतं. पाथर्डी फाट्याला खोली घेऊन राहतात. वैशाली घरी साड्यांना फॉल लावते. त्यांना मुलगी झाली, ईश्वरी. तिला व्यवस्थित ऐकू येतं, दवाखान्यात तपासून घेतलं.

पोरगी वर्षाची झाली, अंगावरचं दूध सुटलं, आणि एके दिवशी दोघं दुकानात आले. योगेशने फोनवर टाइप करून माझ्यासमोर धरलं: ‘आई बाळ गावी नेणार. शाळेत जाईपर्यंत.’

का, असं मी विचारलं.

‘बाळ रडलं आम्हाला कळत नाही. आई म्हणते.’

वैशालीने ईश्वरीला खांद्यावर घट्ट धरलं होतं आणि ती माझ्याकडे नुसती बघत होती. पहिले काही महिने तिची आई राहून गेली, सासू राहून गेली, पण पुढे वैशालीने एकटीनेच पोरीला वाढवलं होतं. आता तीच पोरगी चार-पाच वर्षांसाठी दुसऱ्याच्या घरी जाणार होती. माझा संताप झाला. पण संतापाने फोन दुरुस्त होत नाही, तसं हेही होणार नव्हतं. योगेशला माझ्याकडून बाळ रडलं की कळवणारं मशीन हवं होतं. आईला दाखवता येईल असं काहीतरी.

अशी सोय हल्ली साध्या फोनमध्येच असते. सेटिंग चालू केलं की फोन कान देऊन बसतो. बाळ रडलं, दारावर कुणी थाप मारली, की तो थरथरतो, दिवा मारतो, आणि मनगटावर पट्टा बांधला असेल तर तोही थरथरतो. त्यांच्याकडे एक जास्तीचा फोन होता, माझ्याकडूनच घेतलेला. सेटिंग केलं आणि काही केल्या चालेना. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तो आवाज जळलेला फोन. त्याचा माइकही गेलेला होता. माझ्या त्या गिऱ्हाइकांपैकी कुणाला कधी माइकची गरजच पडली नव्हती. योगेशला ती पहिल्यांदा पडली, तीही बोलायला नाही, पोरीचं रडणं फोनला ऐकू यावं म्हणून.

माइक नवा घातला. ईश्वरी झोपलेली होती, म्हणून चाचणीला मिस्टरांनी मागून बाळासारखं रडून दाखवलं. फोन फसला नाही. शेजारचा दुकानदार मात्र काय झालं म्हणून धावत आला. त्या गोंधळात ईश्वरी उठली आणि खरोखर रडायला लागली, तेव्हा वैशालीच्या मनगटावरचा पट्टा थरथरला. ती हसली. मग तिने हाताने मला तिची पद्धत दाखवली. ती झोळीची दोरी मनगटाला बांधून काम करत बसते. पोरगी हलली की दोरी ओढली जाते. तिचं वर्ष असंच गेलं होतं. तिला मशीनची गरज नव्हती, ती सासूला होती.

सासू म्हणजे द्वारकाबाई. त्या नाशिकला आल्या तेव्हा योगेशने मला खोलीवर बोलावलं, बोलू शकणारं कुणीतरी आपल्या बाजूला असावं म्हणून. मी पट्टा दाखवला, दिवा दाखवला, दोरी दाखवली. द्वारकाबाईंनी सगळं शांतपणे पाहिलं. साठीच्या आसपासची, उन्हात रापलेली, ठाम बाई. मग त्यांनी विचारलं, लाइट गेली तर? चार्जिंग संपलं तर? मी खोटं कसं बोलू? मशीन बंद पडत नसतं तर माझी चूल पेटली असती का? बंद पडू शकतं, म्हणाले मी. माझ्या तोंडातून हे निघालं आणि त्यांचा निश्चय आणखी पक्का झाला. दोरीबद्दल त्या म्हणाल्या, दोरी काय, तुटती.

मी वाद घातला. इतक्या बायका अशाच पोरं वाढवतात, म्हणाले. तेव्हा त्या म्हणाल्या,

“ताई, रडण्याचं सोडा. लेकरू बोलाया कोनाकडून शिकंल? घरात दोघं बी गप. माझ्या पोराशी मला आयुष्यात धड बोलता आलं नाय. नातीशी तरी बोलू द्या की.”

मी विचारलं, योगेश लहान असताना काय करायचात? त्या म्हणाल्या, तेव्हा बोलायचो की. मायलेकांच्या आपल्या खुणा होत्या. भाकरीची होती, गाईची होती, बापाच्या मिशीची होती, रागावल्याची होती. मग पोराला शहरातल्या शाळेत घातलं. तिथल्या मास्तरांनी सांगितलं, बाई, हातवारे बंद करा, तुम्ही हात हलवलेत तर हा तोंडाने बोलायला कधी शिकणार नाही. द्वारकाबाईंनी हात बंद केले. पोरगा सुट्टीत आला की त्या त्याच्यासमोर तोंडाने बोलायच्या आणि तो त्यांच्या ओठांकडे बघत बसायचा. तिकडे वसतिगृहात पोरं आपापसात हातांनी बोलायचीच, त्यांची भाषा योगेश शिकला. ती आईला येत नव्हती. आणि आईची जी होती ती आईने सोडून दिली होती. मास्तरांचं ऐकलं, एवढंच त्या म्हणाल्या. योगेश समोर बसून आम्हा दोघींच्या तोंडाकडे बघत होता.

ईश्वरी गावी गेली. योगेश आईपुढे काही बोलू शकला नाही. वैशालीने कपड्यांची पिशवी भरून दिली, पोरीचा मुका घेतला आणि भिंतीकडे तोंड करून बसली. द्वारकाबाई मला म्हणाल्या, हिला सांगा, महिनाभर तिकडे येऊ नको, लेकरू तिला बघून आणखी रडंल. मी हे टाइप करून वैशालीला दाखवलं. असा निरोप मी बूथच्या दिवसांतही कधी दिला नव्हता. तो गोड करायला जागाच नव्हती.

जाताना योगेशने आईला टचचा फोन घेऊन दिला होता, रोज पोरगी दिसावी म्हणून. उचलायचा कसा हे शिकवलं होतं. दुसऱ्याच दिवशी दोघं दुकानात आले, चेहरे पडलेले. योगेशने व्हिडिओ कॉल लावला आणि पडदा माझ्याकडे फिरवला. पडद्यावर कान दिसत होता. एक मोठा कान, त्यात सोन्याची कुडी, बाजूला पांढरे केस. कॉल लागला की द्वारकाबाई सवयीप्रमाणे फोन कानाला लावायच्या आणि वाट बघायच्या. इकडे हे दोघं नातीऐवजी आजीचा कान बघत बसायचे.

मी फोन हातात घेतला. “द्वारकाबाई, फोन कानाला लावू नका.”

“मंग ऐकू कसं यील?”

“तुम्हाला ऐकवणार कोण आहे? इकडे योगेश आहे.”

मग कान बाजूला झाला, पत्र्याचं छप्पर दिसलं, मग नाक दिसलं. हळूहळू फोन लांब गेला आणि सगळा चेहरा आला. योगेशने हात केला. त्यांनीही केला, आणि फोन खाली पडला. कारण दुसऱ्या हातात ईश्वरी होती.

अडचण माझ्या लक्षात आली. व्हिडिओ कॉलवर बोलायचं तर दोन्ही हात मोकळे हवेत. आपण ऐकणारी माणसं फोन एका हाताने धरतो, आपलं काय, तोंड मोकळं असतं. माझ्या दुकानात म्हणूनच जाड तारेचे स्टँड वाकवून ठेवलेले असतात, अशा गिऱ्हाइकांना मी ते फुकटच देते. त्यातला एक घेतला आणि दुकान बंद असतं त्या दिवशी पिंपळगावची एसटी पकडली. वैशालीला मेसेज केला की मी पोचले की कॉल लाव.

घर बागेला लागूनच होतं. द्वारकाबाईंनी तोंडभर या म्हटलं. त्या वाईट बाई नव्हत्याच. ईश्वरी आतल्या खोलीत झोळीत झोपलेली होती, अंगावर स्वच्छ झबलं, डोळ्यांत काजळ. मी समोरच्या फळीवर स्टँड ठेवला, त्यात फोन बसवला. वैशालीचा कॉल आला. तिने झोपलेली पोरगी पाहिली आणि पडद्याला हात लावला. मग तिने फोन तिकडे मशीनशेजारी उभा केला आणि फॉल लावायला बसली. त्यांच्यात हे असंच असतं, कॉल लावून ठेवतात आणि आपापली कामं करत राहतात. एका खोलीत बसल्यासारखं. मी द्वारकाबाईंना म्हटलं, राहू द्या तसाच, तिला बघू द्या.

आम्ही दोघी चहा घेऊन ओट्यावर येऊन बसलो. तेवढ्यात बागेत फवारणीचा ब्लोअर सुरू झाला. ट्रॅक्टरच्या मागे मोठा पंखा लावलेला असतो, तो द्राक्षाच्या ओळींमधून औषध उडवत जातो. त्याच्या आवाजात आम्ही एकमेकींच्या कानाजवळ तोंड नेऊन बोलत होतो. द्वारकाबाई सांगत होत्या की सात पोरं अंगाखांद्यावर वाढवली, दिराची धरून, पण एकाला कधी रडू दिलं नाही. मी माझी बाजू परत एकदा मांडत होते. पोरीला आईपासून तोडू नका, बोलायला शिकवायचं तर तुम्हीच नाशिकला येऊन जाऊन राहा, शेजारपाजार आहे, अंगणवाडी आहे. त्यांचं ‘बघू’ चाललं होतं.

माझ्या मांडीवरचा फोन थरथरला. वैशालीचा मेसेज होता. ‘बाळ’ एवढंच. वाचेपर्यंत दुसरा आला. ‘बाळ उठली. पाय बाहेर. पडेल.’

मी द्वारकाबाईंचा हात धरून ओढलं. आत गेलो तर ईश्वरी झोळीत उभी होती, एक पाय काठावरून बाहेर आलेला, दोन्ही मुठींत साडीचं कापड गच्च, चेहरा लालबुंद. काजळ गालभर पसरलं होतं. ती कधीची रडत होती. द्वारकाबाईंनी झेप घेऊन तिला उचललं. समोर पडद्यावर वैशाली उभी होती, फोनच्या अगदी जवळ, दोन्ही हात पुढे पसरलेले, जणू पोरगी तिकडूनच झेलणार होती.

दोन ऐकणाऱ्या बायका आम्ही, दारात बसलो होतो.

द्वारकाबाई नातीला घेऊन खालीच बसल्या. तिला थोपटत राहिल्या. पोरगी शांत झाली तरी थोपटत होत्या. बाहेर ब्लोअर लांब गेला.

“मला ऐकू आलं नाय, ताई,” त्या म्हणाल्या. “हिच्या आईला दिसलं.”

मग त्यांनी डोळे पुसले आणि मला विचारलं, “घेऊन जा, हे तिला कसं सांगायचं?”

मला ते येत नव्हतं. चार्जिंग, फुटलं, उद्या या, किती. यात घेऊन जा कुठे बसतं? टाइप करून पाठवते, मी म्हणाले. त्यांनी मान हलवली. मीच सांगते, म्हणाल्या. त्यांनी ईश्वरीला माझ्या कडेवर दिलं आणि पदर खोचून फोनसमोर उभ्या राहिल्या.

त्यांनी दोन्ही हात वर केले आणि जरा वेळ ते तसेच राहिले, काय करायचं ते आठवत असल्यासारखे. मग उजवा हात कमरेवर ठेवून थोपटला, मूल कडेवर असतं तिथे. बोट वैशालीकडे केलं. मग दोन्ही हातांनी काहीतरी उचललं आणि पडद्याकडे पुढे केलं. वैशाली न हलता बघत होती. द्वारकाबाईंनी तेच पुन्हा केलं, सावकाश. कमर, बोट, पुढे केलेले हात. त्यात मास्तरांच्या शाळेतलं काही नव्हतं आणि योगेशच्या वसतिगृहातलंही काही नव्हतं. त्या घरात खूप वर्षांपूर्वी बोलली जायची ती भाषा होती.

तिसऱ्यांदा हात कमरेवर ठेवताना त्या थांबल्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “कळलं का हो तिला? बघा की जरा, मला धुरकट दिसतंय.”

मी पुढे होऊन पाहिलं. कॉल चालूच होता. पडद्यावर शिलाई मशीन होतं, त्यावरून अर्धी खाली लोंबणारी साडी होती, आणि मागे खोलीचं दार सताड उघडं होतं. फोन तिथेच सोडून वैशाली निघाली होती.